एका दिवसाचं ऊन

आमच्या वाडीत काशीरामला पाठीमागे कोणी काशीराम म्हणत नसे. 'बराझाला' म्हणत. काहीही घडो, त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'बरा झाला'. एका पावसाळ्यात त्याच्या पडवीवरची कौलं वाऱ्याने उडाली. आम्ही धावत गेलो, तर हा भिजत अंगणात उभा. म्हणतो, "बरा झाला, माजघर राह्यला." बैल मेला तेव्हा म्हणाला, "बरा झाला, लावणी आटपली आन् मंग गेला." मला अशा माणसांचा राग येतो, आधीच सांगून ठेवतो. मी गिरणवाला. दिवसभर पट्ट्याचा खडखडाट ऐकायचा, संध्याकाळी पापण्यांवर पीठ घेऊन घरी जायचं. अशा माणसाला दुसऱ्याने येऊन 'देवानं सुखात ठेवलाय' म्हटलं की डोक्यात तिडीक जाते.

काशीरामचा रोजचा एक नेम होता. सकाळी गुरं सोडली की तो अनवाणी सडा चढायचा. सडा म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचं कातळाचं माळरान. झाड नाही, घर नाही, नुसता काळा कातळ आणि त्याच्या भेगांतून उगवलेलं गवत. पश्चिमेच्या टोकाला उभं राहिलं की खाली पूर्णगडची खाडी आणि तिच्यापुढे समुद्र दिसतो. त्याच टोकाला, सड्यावरच्या एकुलत्या एका जुन्या पिंपळाखाली वाडीच्या राखणदाराचा दगड आहे. त्याला आम्ही जागेवाला म्हणतो. काशीराम दगडापुढे हात जोडून उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचा.

आता गाऱ्हाणं म्हणजे मागणं. एकाने देवापुढे बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. वर्षातून एकदा राखणदाराची पूजा होते, तिला राखण म्हणतात. तिथे गाऱ्हाणं घालायचा मान काशीरामच्या घराकडे होता, त्यामुळे वाडीच्या वतीने देवाशी बोलणारा तोच. पण रोज सकाळचं त्याचं हे स्वतःचं गाऱ्हाणं उलटं असायचं. त्यात मागणं काहीच नसायचं.

"आज पाय चालले म्हाराजा. वारा बरा हाय. काळी गाय चरतेय. काल भाकरीला चव लागली. रातच्याला झोप आली." असं एकेक सांगून झालं की स्वतःच आवाज बदलून "व्हय म्हाराजा!" म्हणायचा. त्याचा आवाज खालपर्यंत यायचा. पोरं त्याची नक्कल करायची. आमच्याकडे माणसामाणसांत आभार मानायची पद्धत नाही, मग देवाचे कोण मानणार? देवाला नारळ द्यायचा आणि पुढचं मागायचं, एवढाच आमचा त्याच्याशी व्यवहार. त्यामुळे काशीराम आम्हाला थोडा चक्रम वाटायचा आणि बराचसा सुखी वाटायचा.

त्याची बायको सोनूबाई मात्र सुखी-बिखी नव्हती. ती राबायची आणि फटकळ बोलायची. गिरणीवर दळण घेऊन आली की म्हणायची, "बाळाभावजी, आमच्याकडं देव फुकट जेवतो. घरधन्यांनी त्याला सगळा माफ केलानी हाय." मला तिचं बोलणं आवडायचं.

त्या दोघांना एकच मुलगा. रामा. अंगाने किरकोळ, पण डोक्याने हुशार. लोट्याला एका कारखान्यात चिकटला होता. कंपनीची बस, पाळीची ड्यूटी, महिन्यातून एकदा घरी. चौऱ्याऐंशी साली गणपतीला आला तो परत गेलाच नाही. एस.टी.च्या थांब्यापासून वाडीपर्यंतचा चढ त्याला चढवेना. चार पावलं टाकायचा आणि वाटेकडेच्या दगडी गडग्यावर बसायचा. पाय सुजलेले, ओठ निळसर. आडवा झाला की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा.

रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे न्यायला मी बरोबर होतो. त्यांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं आणि विचारलं, "लहानपणी याला सांधे सुजून मोठा ताप आला होता का?" काशीराम म्हणाला, "व्हय. पाच वर्साचा व्हता." डॉक्टर म्हणाले, त्याच तापाने काळजाची झडप खाल्ली आहे. इतकी वर्षं ते खराब काळीज कसंबसं चाललं, आता थकलं. नंतर मुंबईलाही नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करायची वेळ मागेच गेली, आता टेबलावर घेतला तर उठणार नाही. घरी न्या, खायला आवडेल ते द्या.

काशीरामने 'बरा झाला' म्हटलं नाही. मी वाट बघत होतो, म्हटलं असतं तर त्याच्या थोबाडीत मारली असती.

घरी आल्यावर काशीरामने एक केलं. सकाळी सड्यावर जाताना तो रामाला पाठीवर घेऊन जाऊ लागला. माजघरात अंधार, चुलीचा धूर, त्यात दमट हवा. तिथे रामाचा जीव गुदमरायचा. वर कातळावर ऊन पडलं की तो दगड दुपारपर्यंत ऊब धरून राहतो. काशीरामने तिथे गवताच्या पेंढ्या रचून पाठीला टेकण केलं होतं. रामा त्याला टेकून बसायचा आणि खरंच, तासाभराने त्याच्या ओठांचा निळेपणा थोडा उतरायचा. सोनूबाई पेजेचा टोप घेऊन मागून जायची.

मीही अधूनमधून जायचो. गिरण उशिरा सुरू झाली तर कोणाचं काही अडत नव्हतं.

सुरुवातीला रामा बापावर चिडायचा. एकदा माझ्यादेखत म्हणाला, "बाबा, तुमी सगळ्याला बरा झाला म्हनता. माजा काय बरा झालाय ता सांगा."

काशीराम विचारात पडला. मग म्हणाला, "आज वर येताना तुला खोकला नाय आला."

रामा हसला. हसताना त्याला धाप लागली, तरी हसला. त्यानंतर त्याला त्या खेळाची गोडी लागली म्हणा किंवा दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं म्हणा. एके दिवशी म्हणाला, "आजचा गाऱ्हाना मी घालतंव." बसल्या जागीच हात जोडले. "टिटवी वरडली म्हाराजा. बापसाच्या पाठीला घामाचा वास येतो, ता बरा वाटतो. लोट्याला पत्र्याखाली ऊन कधी आला, कधी गेला, कळायचा नाय. हितं कळतो. खाडीत शिडाची व्होडी दिसली." काशीराम प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. शेवटी रामा थांबला, समुद्राकडे बघत राहिला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "पन बाबा, मला एवढ्यात भागत नाय. मला जगायचाय."

काशीरामच्या तोंडून होकार निघाला नाही. तो उठला आणि गुरं बघायला गेला. गुरं समोरच होती.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई गिरणीवर आली. हातात दळण नव्हतं. म्हणाली, "भावजी, पट्टा बंद करा." मी केला. तेवढ्या शांततेत ती म्हणाली, "वाडीच्या राखणीला आता थोडे दिवस ऱ्हायले. त्यांना सांगा, जागेवाल्याकडं पोराचा जीव मागायला. माजा ऐकत नाहीत. गाऱ्हान्याचा मान त्येंचा. मी बाईमानूस, मी मागून चालत नाय. न्हायतर कधीच मागितला असता." ती रडली नाही. तिचा राग इतका होता की रडण्याला जागा नव्हती.

मी त्याच संध्याकाळी काशीरामला गाठला. तो घरामागच्या परड्यात गडग्याचे पडलेले दगड लावत होता. मी सरळ विचारलं, "काशीदादा, पोर मरायला टेकलाय. रोज त्या दगडापुढं उभा ऱ्हातोस. एकदा तोंड उघडून मागितलास तर तुजा काय जातो?"

त्याने हातातला दगड खाली ठेवला. "मागता येत नाय रे बाळा. माजा बोलना झालाय."

"कोनाशी?"

"त्येच्याशीच. रामा पाच वर्साचा व्हता, तापानं फनफनलेला, तेवा मी एकटा वर गेलंव. पावूस पडत व्हता. म्हटला, ह्येवढा पोर पदरात टाक, पुढं माज्या घरासाठी जल्मात काय मागनार नाय. रोज येईन, दिलंस त्येचा नाव घेईन, पन मागनार नाय. आनी दिलान त्येनं. ताप उतरला. आता परत मागितला म्हंजे मी लबाड झालंव. बोलल्या शब्दाला जागला नाय म्हनून दिल्याला पोर मागं घेतलान तर?"

मी म्हटलं, "मागं घेतोच हाय की तो."

त्याने खाली ठेवलेला दगड उचलून गडग्यावर लावला. मला मात्र तेव्हा एक गोष्ट लख्ख आठवली. वर्षाच्या राखणीला काशीराम वाडीतल्या घराघराचं नाव घेऊन मागायचा. कोणाची म्हैस, कोणाचा मुंबईतला मुलगा, कोणाच्या सुनेचं बाळंतपण. इतक्या वर्षांत त्याने स्वतःच्या घराचं नाव कधी घेतलं नव्हतं आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. ज्याला आम्ही सुखी म्हणून हसत होतो, तो रोज सकाळी भीतीने सडा चढत होता. मुलगा जिवंत आहे ना, मग शब्दाला जागलंच पाहिजे, एवढंच ते होतं. आणि देवाने जो मुलगा दिला तो खराब झडपेसकट दिला होता, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकूनही त्याने देवाशी भांडण काढलं नाही. मला काशीरामची कीव आली आणि त्या दगडाचा संताप आला.

देवदिवाळीच्या आसपास हवा बिघडली. थंडी पडायच्या दिवसांत मळभ आलं आणि हटेना. चिरीचिरी पाऊस, कापलेलं भात रचलेल्या उडव्यांत भिजतंय, कातळ गार आणि निसरडा. रामाला वर नेणं बंद झालं. माजघरात भिंतीला टेकून तो बसायचा. पोटापर्यंत सूज चढली. तो सारखं दाराकडे बघायचा आणि विचारायचा, "आवशी, ऊन आला काय गो?" सोनूबाई प्रत्येक वेळी उठून बाहेर जाऊन बघून यायची. तिला इथूनही दिसत होतं, तरी जायची.

राखणीचा दिवस त्याच मळभात उजाडला. वाडीतले सगळे पुरुष सड्यावर जमले. नारळ, तांदूळ, विडा, कोंबडा, सगळं दरवर्षीसारखं. बायका राखणीला वर येत नाहीत. सोनूबाई आली. पिंपळापासून थोडी लांब, डोक्यावर इरलं घेऊन उभी राहिली. तिला परत जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. आमच्यातला सगळ्यांत जाणता रावजी, त्यानेसुद्धा तिच्याकडे बघून मान खाली घातली.

काशीराम पुढे झाला. हात जोडले.

"हे बा जागेवाल्या म्हाराजा, वर्साप्रमानं आज तुजी लेकरा तुज्या पायाशी हाजीर झाली हायत, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रावजीच्या सुनंला दिवस गेलेत, तिला सुखरूप मोकळी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भागोजीचा पोरगा मुंबयला हाय, त्येच्या हाताला यश दे म्हाराजा!"

असं घरामागून घर झालं. माझ्या गिरणीचं नावही त्याने घेतलं. शेवटचं घर झालं, की एरवी तो नारळ फोडायचा. त्या दिवशी त्याने नारळ उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. काय येणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाने 'व्हय म्हाराजा' घशाशी आणून ठेवला होता. इतक्या जोरात म्हणणार होतो आम्ही, की त्या दगडाला नाही म्हणता आलं नसतं.

"आनी म्हाराजा," काशीरामचा आवाज फाटला. "मागनार नाय म्हटलेला, तरी मागतंव. ज्या काय शासन असंल ता माज्या अंगावर घाल. माज्या रामाला... माज्या रामाला एक दिवस ऊन दे म्हाराजा. ह्या मळभ जरा बाजूला कर. पोराला कातळावर आनून बशीवतंव. एकच दिवस."

पिंपळावरून पाणी ठिबकत होतं. मी रावजीकडे बघितलं, रावजी माझ्याकडे. मग रावजी हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याच्या मागून आम्ही सगळे म्हणालो, एकेक करून, जमेल तसं. सोनूबाई तोवर वळून उतरणीला लागली होती.

खाली येताना मी काशीरामचा दंड धरला. "जीव का नाय मागितलास?"

"त्योच मागायचा व्हता," तो म्हणाला. "रातभर तोच घोकला व्हता. तोंडात आला नाय बाळा. येवढा मोठा मागायची सवयच नाय ऱ्हायली."

ते ऐकून मी त्याचा दंड सोडला. रागावण्यासारखं त्याच्यात काही शिल्लक नव्हतं. रोज पाय चालले, वारा आला, भाकरीला चव लागली असं म्हणता म्हणता त्याचं मागणंच तेवढं झालं होतं. देव जरी समोर येऊन उभा राहिला असता, तरी त्याने ऊनच मागितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर अंगणात ऊन.

धुतल्यासारखं स्वच्छ आभाळ, एक ढग नाही. वाडीतले लोक घराबाहेर येऊन नुसते वर बघत होते. आम्ही चौघांनी घोंगडीची डोली केली आणि रामाला वर नेला. काशीराम पुढे चालत होता आणि परत परत मागे वळून डोलीत बघत होता. कातळ वाळायला थोडा वेळ लागला. मग त्यातून वाफ निघाली आणि तो तापू लागला. रामाला पेंढ्यांना टेकवून बसवलं. त्याने दोन्ही तळवे कातळावर टेकले. "गरम हाय," म्हणाला. सोनूबाईने पेज भरवली, तिचे त्याने चार घोट घेतले. समुद्र इतका स्पष्ट दिसत होता की व्होड्यांची शिडं मोजता आली असती. दुपारी कधीतरी त्याने बापाचा हात हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, ह्या ऊन सरल्यावर उद्या पन आसंल काय हो?" काशीराम "आसंल" म्हणाला. थोड्या वेळाने रामाची मान कलली. ऊन अजून त्याच्या तोंडावर होतं.

आम्ही कोणी रडलो, कोणी उभे राहिलो. सोनूबाई मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने वर बघितलं, त्या निळ्या आभाळाकडे, आणि मग काशीरामकडे. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"ऊन मागितलात, ऊन दिलान," ती म्हणाली. "पोर मागितला असतात, तर तो नसता दिलान?"

मला काहीतरी म्हणायचं होतं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, हवा आपोआप पालटते ते. सगळं खरं होतं आणि तिथे काहीच म्हणता येण्यासारखं नव्हतं. आम्ही त्याच डोलीतून रामाला खाली आणला.

त्याला आता चार वर्षं झाली. गाऱ्हाण्याचा मान रावजीच्या पुतण्याकडे गेला आहे. मागून मागून तो सगळं मागतो, आम्ही साथ देतो. सोनूबाई घरात आहे, नवऱ्याला वेळेवर जेवायला वाढते, पण त्या दिवसापासून त्याच्याशी बोललेली मी ऐकलेली नाही. काशीराम सड्यावर जात नाही. गुरं विकून टाकली. पावसाळ्यात, मळभात तो अंगणात येऊन बसतो, हाक मारली तर ओ देतो. ऊन आलं की उठून आत जातो.